बॅट डर्स्टनचे ओझे : अवकाशातल्या ‘वेस्टर्न’विषयी

ऑक्टोबर १९५० मध्ये ‘गॅलक्सी’ या अमेरिकी विज्ञानकथा मासिकाचा पहिला अंक निघाला. त्याच्या मलपृष्ठावर दोन उतारे शेजारी शेजारी छापले होते. एकात घोडा, दुसऱ्यात रॉकेट. नायक बॅट डर्स्टन मात्र दोन्हीकडे तोच. घोड्याच्या जागी यान घातल्याने विज्ञानकथा होत नाही, असला माल आमच्याकडे मिळणार नाही, असे संपादक एच. एल. गोल्ड यांना बजावायचे होते. तरीही हा प्रकार टिकला. ‘आउटलँड’ (१९८१), ‘काउबॉय बिबॉप’ (१९९८), ‘फायरफ्लाय’ (२००२), ‘मँडलोरियन’ (२०१९) ही त्याचीच पुढची पिढी.

तो का टिकला, याचे नेहमीचे उत्तर ‘सरहद्द’ असे दिले जाते. अमेरिकेत आता सरहद्द उरली नाही, असे १८९० च्या जनगणनेने सांगितले. १८९३ मध्ये फ्रेडरिक जॅक्सन टर्नर यांनी त्यावर आपला सिद्धान्त उभारला. जमीन संपली, तेव्हा कथा आकाशात गेली. पण ती जमीन रिकामी नव्हतीच. तिथे मूळ रहिवासी होते. अवकाशाने लेखकांची यातून सोयिस्कर सुटका केली. ग्रह खरोखरच निर्मनुष्य, मग हुसकावले कोणाला, हा प्रश्नच नाही.

‘फायरफ्लाय’मध्ये ही सोय दुहेरी आहे. मालिकेचे कर्ते जॉस व्हेडन यांना मूळ कल्पना गेटिसबर्गच्या लढाईवरील मायकल शारा यांच्या कादंबरीवरून सुचली. अमेरिकी यादवीतले हरलेले सैनिक त्यांनी घेतले, गुलामगिरी गाळली. चौदापैकी अकराच भाग दाखवून मालिका बंद पडली, तेव्हा चाहत्यांनी डीव्हीडी विकत घेऊन ती जगवली आणि २००५ मध्ये चित्रपट आला. हे चाहते स्वतःला ‘ब्राउनकोट’, म्हणजे त्या हरलेल्या फौजेतले, म्हणवतात. मालिकेत पात्रे शिव्या चिनी भाषेत देतात. मुख्य नऊ कलाकारांत चिनी वंशाचा मात्र एकही नाही.

भिवंडीत राहून हे पाहताना मला ते फार खटकते. इथे यंत्रमागावर उत्तर प्रदेशातून, तेलंगणातून माणसे आली आणि त्यांच्याबरोबर त्यांची भाषा आली. भाषा ऐकू येते पण माणूस दिसत नाही, असे इथे घडू शकत नाही. काल्हेर, राहनाळ, माणकोलीकडे गोदामांच्या रांगा उभ्या राहिल्या, त्या भाताच्या जमिनींवर. त्या जमिनींनाही आधीचे धनी होते.

तरीही हा प्रकार मला टाकावासा वाटत नाही. त्याचे बळ पिस्तुलात नाही, मालवाहतुकीत आहे. ‘फायरफ्लाय’चे जहाज एका खेपेवरून दुसऱ्या खेपेवर जगते, एका भागात इंजिनाचा एक सुटा भाग जातो आणि सगळ्यांचा जीव टांगणीला लागतो. ‘बिबॉप’ ही मुळात मासेमारीची बोट, आणि तिच्यावरचे लोक बहुधा उपाशी. योको कानो यांनी त्यांना दिलेले संगीत विजयाचे नाही. त्यात ब्लूज आणि जाझ आहे, म्हणजे राबून थकलेल्यांचे गाणे. ‘आउटलँड’ने १९५२ च्या ‘हाय नून’चा सांगाडा गुरूच्या आयो या चंद्रावरील खाणीत नेला. तिथला व्यवस्थापक उत्पादन वाढावे म्हणून कामगारांपर्यंत उत्तेजक द्रव्य पोचू देतो, आणि त्यापायी माणसे वेडी होऊन मरतात. बारा-बारा तासांच्या पाळ्या पाहिलेल्या गावाला ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही.

मराठी विज्ञानकथेत जयंत नारळीकर, बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे यांनी शास्त्रज्ञ उभा केला, प्रयोगशाळा उभी केली, समाजावर विज्ञानाचा होणारा परिणाम दाखवला. माल पोचवणारा, भाडे थकलेला, सुट्या भागासाठी अडकून पडलेला यानचालक आणि त्याचा क्लीनर मला तिथे अजून भेटलेला नाही. तो लिहायचा तर टेक्सास धुंडाळण्याची गरज नाही. मुंबई-आग्रा रस्त्यावर रात्री गोदामाबाहेर नंबर लावून उभ्या असलेल्या ट्रकांपासून सुरुवात करता येईल. मात्र लेखकाने एक पथ्य पाळावे : यान जिथे उतरेल, तिथे आधी कोण राहत होते, ते पहिल्या पानावरच सांगावे.