पिंक फ्लॉइडचे गाळलेले चार अल्बम

रिव्ह्यू पेपर कसा वाचायचा, हा प्रश्न पीएचडीच्या तयारीतली बरीच मुलं विचारतात. या वेळी त्याचं उत्तर एका गाण्यांच्या संग्रहातून शोधूया. पिंक फ्लॉइड या ब्रिटिश प्रोग्रेसिव्ह रॉक बँडच्या निवडक गाण्यांचा 'एकोज' हा संग्रह नोव्हेंबर २००१ मध्ये आला. दोन सीडी, २६ गाणी, काळ १९६७ ते १९९४. तुम्ही हा बँड कधी ऐकला नसेल तर फारच छान. नव्या विषयात शिरताना आपलीही अवस्था हीच असते, आणि हातात पहिल्यांदा पडतो तो असा निवडक संग्रहच.

पहिली गोष्ट लक्षात येते ती ही, की गाणी कालक्रमाने लावलेली नाहीत. १९९४ च्या 'मरून्ड'नंतर लगेच १९७३ चं 'द ग्रेट गिग इन द स्काय' येतं. आणि मध्ये शांतताही नाही. जेम्स गथ्री यांनी एका गाण्याची शेपटी दुसऱ्यात मिसळली आहे. ऐकताना वाटतं, हे सगळं एका बैठकीत रेकॉर्ड झालं असावं. जुन्या चाहत्यांना हे आवडत नाही. पण मला वाटतं, संग्रहाची खरी ताकद इथेच आहे. कारण हा क्रम काहीतरी म्हणतोय.

काय म्हणतोय बघा. बँडचा पहिला मुख्य गीतकार सिड बॅरेट. त्याची मानसिक स्थिती ढासळत गेली आणि १९६८ मध्ये तो बँडबाहेर पडला. संग्रहातली २६ पैकी ५ गाणी त्याची आहेत. १९६७ च्या पहिल्या अल्बमची ब्रिटिश आवृत्ती ज्या गाण्याने सुरू होते त्यानेच हा संग्रह सुरू होतो, आणि तो अल्बम ज्या 'बाइक'ने संपतो त्यानेच संपतो. दूर गेलेल्या माणसाची आठवण काढणारं 'विश यू वेअर हिअर' (१९७५) झालं की पुढचं गाणं लागतं 'जगबँड ब्लूज' (१९६८), म्हणजे बँडच्या अल्बमवर आलेलं बॅरेटचं शेवटचं गाणं. हाक मारली आणि त्याच माणसाने ओ दिली, असं वाटतं. ही नुसती यादी नाही, हे एक विधान आहे: या बँडची गोष्ट म्हणजे एका माणसाच्या गैरहजेरीची गोष्ट. चांगला रिव्ह्यू पेपरही असंच करतो. तो दोनशे निबंध मोजून दाखवत नाही, त्यांतून एक म्हणणं मांडतो.

आता कात्री कुठे लागली ते तपासू. 'एकोज' हे शीर्षकगीत मूळ १९७१ च्या 'मेडल' अल्बमवर साडेतेवीस मिनिटांचं आहे. इथे ते साडेसोळा मिनिटांचं झालंय. पण मला जास्त खटकतं ते 'शाइन ऑन यू क्रेझी डायमंड'. बॅरेटला उद्देशून केलेली ही नऊ भागांची रचना मूळ अल्बममध्ये दोन तुकड्यांत येते. एक तुकडा सुरुवातीला, दुसरा शेवटी, मध्ये तीन गाणी. ते अंतर पार करून धून परत येते तेव्हा इतका वेळ ती नव्हती हे जाणवतं. संग्रहात पहिले सात भाग सलग जोडलेत आणि शेवटचे दोन उडवलेत. त्या उडवलेल्या नवव्या भागाच्या अगदी शेवटी, आवाज विरत असताना, रिक राइट कीबोर्डवर बॅरेटच्या 'सी एमिली प्ले'ची ओळ हलकेच वाजवतो. म्हणजे संग्रहाचं जे म्हणणं आहे, त्याचा सगळ्यात बोलका पुरावाच संग्रहाने फेकून दिला! जागा वाचवताना रिव्ह्यू पेपरमध्येही नेमकं हे होतं. म्हणून म्हणणं पटलं तरी मूळ निबंध उघडायचाच.

आणि चार अल्बममधून तर एकही गाणं घेतलेलं नाही: 'मोअर' आणि 'उमागुमा' (१९६९), 'अ‍ॅटम हार्ट मदर' (१९७०), 'ऑब्स्क्युअर्ड बाय क्लाउड्स' (१९७२). यातला 'अ‍ॅटम हार्ट मदर' ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलेला त्यांचा पहिला अल्बम. तरी 'बेस्ट'मध्ये नाही. पुढे गिलमोर आणि वॉटर्स दोघांनीही त्याला नावं ठेवली. त्याचं शीर्षकगीत तेवीस मिनिटांहून मोठं, ब्रास आणि कॉयर घेऊन केलेलं. ते जागोजागी अडखळतं, हे खरंच आहे. पण एवढी लांब रचना पेलायची कशी, याचा सराव तिथे झाला. पुढच्याच वर्षी चौघांनी बाहेरच्या वादकांशिवाय जवळपास तेवढ्याच लांबीचं 'एकोज' उभं केलं. त्याचीही सुरुवात सुट्या तुकड्यांपासून झाली होती, आणि त्या तुकड्यांना त्यांनी नाव दिलं होतं 'नथिंग', भाग १ ते २४.

संग्रह ऐकणाऱ्याला यातलं काहीच दिसत नाही. १९६८ ची विक्षिप्त, छोटी गाणी आणि त्यानंतर थेट १९७१ चं प्रौढ काम. मग वाटतं, ही माणसं जन्मजातच अशी असणार. नव्या संशोधकाला याचा त्रास होतो. आपण लोकांचे छापून आलेले निकाल वाचतो आणि आपल्या नोंदवहीतल्या फसलेल्या प्रयोगांशी त्यांची तुलना करत बसतो. 'डार्क साइड'नंतर याच बँडने घरगुती वस्तू वाजवून एक अख्खा अल्बम करायला घेतला होता. तो बारगळला. पण त्यातला काचेच्या ग्लासांचा नाद 'शाइन ऑन'च्या सुरुवातीला आजही ऐकू येतो.

तर असं करा. आधी संग्रह पूर्ण ऐका आणि त्याचं म्हणणं एका वाक्यात लिहा. मग 'अ‍ॅटम हार्ट मदर'चं शीर्षकगीत आणि मूळ, न कापलेलं 'एकोज' लागोपाठ ऐका, आणि पहिल्यात काय जमलं नव्हतं आणि दुसऱ्यात ते कसं सोडवलं, याची नोंद करा. पाऊण तास लागेल. पुढच्या आठवड्यात आपल्या विषयातला एक रिव्ह्यू पेपर घ्या, त्याने उल्लेख न केलेले चार निबंध शोधा, आणि ते का गाळले असतील ते गाईडला विचारा.