प्रावीण्यश्रेणीची रचना आणि शिक्षक : एक चिकित्सा

विद्यार्थ्याला किती गुण मिळाले हा एक प्रश्न; त्याला काय येते हा दुसरा. आपल्या परीक्षापद्धतीने पहिल्या प्रश्नाचे उत्तर दीर्घकाळ दिले आहे आणि तेच दुसऱ्याचेही उत्तर होय, असे गृहीत धरले आहे. या गृहीताविषयी असमाधान निर्माण झाल्यामुळेच प्रावीण्यश्रेणीची कल्पना पुढे आली. एखाद्या कौशल्यात नवशिक्या कोठे असतो, तेथून तो कोणकोणत्या पायऱ्यांनी वर चढतो आणि प्रत्येक पायरीवर त्याच्या कामाचे स्वरूप कसे असते, याचे शब्दांत केलेले वर्णन म्हणजे प्रावीण्यश्रेणी. अशी श्रेणी कोणी रचावी, आणि कार्यालयात तयार होऊन वर्गात आलेली श्रेणी खरोखर श्रेणी ठरते काय, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

आपल्याकडे ही चर्चा नवी नाही. मुदलियार आयोगाने (1952-53) अंकांऐवजी पाच पायऱ्यांच्या चिन्हांकित श्रेणीची शिफारस केली होती. कोठारी आयोगाने (1964-66) शाळांतर्गत मूल्यमापनावर भर दिला. या आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे महाराष्ट्रातीलच होते. परंतु प्राथमिक शाळेच्या दैनंदिन व्यवहारात हा विचार उतरण्यास शिक्षणहक्क कायदा यावा लागला. 1 एप्रिल 2010 रोजी तो अमलात आला आणि त्याच वर्षी 20 ऑगस्टच्या शासननिर्णयाने महाराष्ट्रात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन सुरू झाले. पहिली-दुसरीसाठी आकारिक मूल्यमापनास 70 व संकलित मूल्यमापनास 30 टक्के भार देण्यात आला. वरच्या इयत्तांत हे प्रमाण क्रमाने बदलत सातवी-आठवीत 40 व 60 झाले. दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय अशी विविध साधने शिक्षकाच्या हाती आली. हेतू उदार होता, यात शंका नाही.

तथापि या योजनेतील श्रेणीचे स्वरूप बारकाईने पाहिले पाहिजे. 91 ते 100 गुणांना अ-1, 81 ते 90 गुणांना अ-2, याप्रमाणे खाली उतरत 33 ते 40 गुणांना ड आणि त्याखाली इ-1 व इ-2. येथे श्रेणी गुणांतून निघते. विद्यार्थ्याच्या कामातून नव्हे. 'ब-2' या चिन्हावरून मुलाला पाच ओळींचा परिच्छेद लिहिता येतो की नाही, हे पालकास कळत नाही आणि पुढील इयत्तेच्या शिक्षकासही कळत नाही. गुणांनी अक्षरांचा वेष घेतला, एवढाच फरक झाला. ही उणीव भरून काढण्यासाठी वर्णनात्मक नोंदींची योजना होती. पण 'मुद्देसूद बोलतो', 'उपक्रमात उत्साहाने भाग घेतो', 'लेखनात सुधारणा आवश्यक' अशा वाक्यांच्या तयार याद्या लवकरच प्रचारात आल्या आणि नोंदी पाहण्यातून न येता उतरवण्यातून येऊ लागल्या. याचा दोष केवळ शिक्षकावर टाकणे अन्यायाचे होईल. ज्या शब्दांच्या निर्मितीत ज्याचा वाटा नाही, ते शब्द त्याने जबाबदारीने वापरावेत ही अपेक्षाच मुळात दुबळी आहे.

याच्या उलट उदाहरण 'असर' या वार्षिक पाहणीचे. मुंबईत उदय पावलेल्या 'प्रथम' संस्थेने 2005 पासून ती चालवली. तिच्यातील वाचनाची शिडी सर्वपरिचित आहे : अक्षर, शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद, दुसरीच्या पातळीची गोष्ट. येथे प्रत्येक पायरी म्हणजे एक कृती आहे. मूल परिच्छेद वाचते अथवा वाचत नाही. घरच्या ओट्यावर बसून आईलाही ते पडताळता येते. या शिडीचे सामर्थ्य तिच्या साधेपणात आहे आणि तिची मर्यादाही तेथेच आहे. गोष्ट वाचून झाल्यावर मुलाच्या मनात काय उरले, याविषयी ती मौन पाळते. ती प्रारंभीच्या वाचनासाठी घडवलेली आहे. तिच्याकडून संपूर्ण भाषाशिक्षणाचे माप मागणे हा तिचा नव्हे, मागणाऱ्याचा दोष ठरेल.

2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर आलेल्या समग्र प्रगती पत्रकात पायाभूत स्तरासाठी झरा, पर्वत व आकाश ही रूपके योजली आहेत; पुढील स्तरावर आरंभिक, प्रवीण व प्रगत अशा पायऱ्या आहेत. लहान मुलास 'नापास' या शब्दापासून दूर ठेवणारी ही नावे स्वागतार्ह आहेत. परंतु नाव म्हणजे वर्णन नव्हे. अमुक उपक्रमात मुलाने काय केले असता ते 'पर्वत' ठरते, याचा निर्णय अखेर शिक्षकालाच करावा लागतो. आणि तो कसा करावा याचे शिक्षण मिळाले नाही, तर 'कधीकधी', 'बहुधा', 'नेहमी' अशा क्रियाविशेषणांनी पायऱ्या भरून काढण्याचा मोह अनिवार होतो. 'कधीकधी समजून वाचतो' आणि 'बहुधा समजून वाचतो' यांत दोन पायऱ्यांचे अंतर नाही, केवळ दोन शब्दांचे आहे.

मग श्रेणी विश्वसनीय कशाने होते? 1912 मध्ये अमेरिकेत स्टार्च आणि इलियट यांनी इंग्रजीची तीच उत्तरपत्रिका अनेक शिक्षकांना तपासण्यास दिली, तेव्हा गुणांत विलक्षण तफावत आढळली. शिक्षकाचा निर्णय निरुपयोगी असतो, असा निष्कर्ष काहींनी यातून काढला आणि वस्तुनिष्ठ चाचण्यांचा मार्ग धरला. परंतु दुसराही मार्ग उपलब्ध होता. थॉर्नडाइक याने 1910 मध्ये प्रसिद्ध केलेल्या हस्ताक्षरश्रेणीत मुलांच्या हस्ताक्षराचे प्रत्यक्ष नमुने अनेक परीक्षकांच्या मतानुसार क्रमाने मांडले होते. शिक्षकाने नवे अक्षर त्या नमुन्यांशेजारी ठेवून पाहावयाचे होते. शब्दाला नमुन्याचा आधार मिळाला की निर्णयातील तफावत आटोक्यात येऊ शकते, हे तत्त्व यामागे आहे.

त्याहून बोधप्रद उदाहरण स्वित्झर्लंडचे आहे. युरोपीय भाषांसाठी 2001 मध्ये प्रसिद्ध झालेल्या सामाईक संदर्भ-चौकटीतील सहा पातळ्यांची वर्णने ब्रायन नॉर्थ व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 ते 1996 या काळातील संशोधनातून सिद्ध केली. सुमारे 300 शिक्षक त्यात सहभागी होते आणि जवळजवळ 2800 विद्यार्थ्यांच्या कामगिरीविषयीचे त्यांचे निर्णय आधाराला घेतले होते. वर्णनांची वर्गवारी शिक्षकांना कार्यशाळांत करावयास दिली जाई. ज्या वाक्याचा अर्थ निरनिराळे शिक्षक निरनिराळा घेत, ते वाक्य टिकत नसे. वर्णन होकारार्थी, निश्चित, स्पष्ट, संक्षिप्त व स्वयंपूर्ण असावे, या कसोट्याही त्या चौकटीने नोंदवल्या आहेत. मोठ्या प्रमाणावर वापरली जाणारी श्रेणीही शिक्षकांच्या निर्णयावर उभी राहू शकते, हे यावरून सिद्ध होते.

हे तत्त्व आपल्या भूमीवर पारखून पाहण्यास वसई-विरारचा प्रदेश विशेष उपयुक्त आहे. पश्चिमेच्या वाड्यांत सामवेदी अर्थात कादोडी आणि वाडवळी, किनाऱ्यावर कोळ्यांची बोली, तुंगारेश्वराच्या बाजूस आदिवासी पाडे आणि नालासोपाऱ्याच्या वस्तीत उत्तरेकडून आलेली हिंदीभाषक कुटुंबे, असा हा भाषिक संगम आहे. येथील चौथीच्या वर्गात 'परिचित कृती क्रमाने सांगणे' हे कौशल्य मोजावयाचे आहे, असे समजू. एक मुलगी सुकेळी कशी करतात ते सांगते : केळी पिकवणे, सोलणे, उन्हात वाळवणे, सारे यथाक्रम, पण सामवेदीत. दुसरा मुलगा प्रमाण मराठीत दोन सुबक वाक्ये बोलून थांबतो. 'शुद्ध भाषेत क्रमवार सांगतो' अशी एकच पायरी असेल, तर मुलगी खाली आणि मुलगा वर जाईल. श्रेणीने कथनाचा क्रम मोजण्याचा दावा केला आणि मोजली मात्र घरची भाषा. ही चूक तांत्रिक वाटते. तिचा परिणाम मात्र मुलीच्या आपल्या बुद्धीविषयीच्या समजुतीवर होतो.

उपाय असा की, कथनाचा क्रम आणि प्रमाण मराठीचा वापर यांच्या दोन स्वतंत्र श्रेणी कराव्यात. पहिलीच्या पायऱ्या उदाहरणादाखल अशा लिहिता येतील : विचारल्यावर एकदोन टप्पे सांगते, मुख्य टप्पे आपण होऊन सांगते व चुकलेला क्रम विचारल्यावर लावते, ज्याला ती कृती ठाऊक नाही त्याला समजेल असे सर्व टप्पे सांगते, एखादा टप्पा का आवश्यक आहे याचे कारणही देते. यातील सर्वांत खालची पायरीही मूल काय करते हे सांगते. काय करत नाही हे नव्हे. खालच्या पायरीवर केवळ अभाव नोंदवला, तर शिक्षकास उद्याच्या तासाला कोठून आरंभ करावा हे उमगत नाही.

अशी श्रेणी रचण्यास नवे व्यासपीठ नको. केंद्रस्तरावरील शिक्षण परिषद त्यासाठी योग्य आहे. पाचसहा शाळांच्या शिक्षकांनी एकाच विषयावरील वीसपंचवीस वह्या नाव झाकून आणाव्यात, त्या आधी कोणताही शब्द न वापरता क्रमाने लावाव्यात, आणि नंतरच शेजारच्या दोन गठ्ठ्यांत फरक काय तो लिहावा. मतभेद झालेली वही बाजूला न टाकता तीवरच अधिक वेळ खर्चावा. वर्णनातील संदिग्धता तेथेच प्रकट होते. प्रत्येक पायरीस दोन नमुने जोडून श्रेणी पुढील सत्रात पुन्हा तपासावी.

यावर दोन आक्षेप संभवतात. शिक्षकास वेळ नाही, हा पहिला. तो खरा आहे. म्हणूनच सर्व विषयांच्या शेकडो श्रेणी न करता वर्षाला दोन किंवा तीनच कराव्यात. प्रत्येक केंद्राची श्रेणी निराळी झाल्यास राज्यभर तुलना कशी करावी, हा दुसरा. त्याचे उत्तर असे की, तुलनेसाठी वेगळ्या चाचण्या आहेत आणि असाव्यात. अध्यापनासाठी मात्र शिक्षकास स्वतः पारखलेले माप लागते. तथापि दोन केंद्रांनी परस्परांच्या वह्या अदलाबदल करून पाहिल्यास हे अंतरही कमी करता येईल. जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था आणि विद्यापीठीय विभाग यांचे खरे कार्य येथे आहे : तयार वाक्यांच्या पुस्तिका पुरवणे नव्हे, तर शिक्षकांचे निर्णय परस्परांशी कितपत जुळतात हे मोजून त्यांना दाखवणे. पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या प्रबंधिकांना यासारखा उपयुक्त विषय क्वचितच मिळेल.

सारांश, श्रेणीचे प्रामाण्य तिच्या छापील शब्दांत नसते. एकाच वहीकडे पाहून अनेक शिक्षक विचारपूर्वक एकाच निर्णयावर येतात, त्यात ते असते. हे एकमत आदेशाने निर्माण होत नाही. ते वह्या समोर ठेवून, वाद करून मिळवावे लागते.