होडी काठाला लागल्यावर

‘श्वास’चा शेवट आठवावा. डोळ्याच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया होऊन दृष्टी गमावलेला परशा काळा चष्मा लावून होडीतून गावी परततो. घरची माणसे काठावर वाट पाहत उभी असतात. चित्रपट तिथे संपतो. संदीप सावंत यांच्या या चित्रपटाला ‘श्यामची आई’नंतर मराठीतले पहिले सुवर्णकमळ मिळाले, आणि ते योग्यच होते, शस्त्रक्रियेआधी नातवाला रुग्णालयाबाहेर काढून जग दाखवणारा तो आजोबा मराठी पडद्यावरच्या मोजक्या खऱ्या माणसांत मोडतो. तरीही रायगडच्या किनाऱ्यावरून पाहणाऱ्याला एक प्रश्न पडतोच: होडी काठाला लागल्यावर परशा उतरला कसा?

हा प्रश्न आपल्या कलाकृती सहसा विचारत नाहीत. ‘चौकट राजा’तला नंदू असो की जयवंत दळवींच्या ‘नातीगोती’तला मुलगा, कथा घरात घडते आणि आईबापांच्या काळजाभोवती फिरते. आपल्यामागे याचे कसे, ही चिंता खोटी नाही. पण त्यामुळे अपंगत्व म्हणजे एका घराचे नशीब, अशी समजूत पक्की होते. एसटीची उंच पायरी, तालुक्याच्या कचेरीचा जिना, धक्क्याची कड यांना या कथांत भूमिकाच नसते. नसीमा हुरजूक यांच्या आत्मकथनाचे नाव ‘चाकाची खुर्ची’ आहे, हे मला म्हणूनच महत्त्वाचे वाटते. तिथे नावातच नशीब नाही, साधन आहे. आणि साधन म्हटले की ते कुठे चालते, कुठे अडते, हे विचारावेच लागते.

आमच्याकडे ते पाण्यापाशी अडते. मुंबईच्या आसपास उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीतला फरक चार मीटरच्या वर जातो. सकाळी धक्क्याला समांतर असलेली होडी दुपारी खाली गेलेली असते, आणि मध्ये उरतात त्या शेवाळलेल्या पायऱ्या. धडधाकट माणूस खलाशाचा हात धरून टुणकन उडी मारतो. चाकाच्या खुर्चीतल्या माणसाला दोघे-तिघे मिळून उचलतात. ‘काय काळजी करताय, उचलून घेऊ की!’ हे वाक्य मनापासून येते. कोकणी माणसाच्या माणुसकीबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. अडचण त्या माणुसकीवर टाकलेल्या भाराची आहे. उचलून घेतल्या जाणाऱ्याला स्वतःची वेळ ठरवता येत नाही, नको म्हणता येत नाही, दरवेळी आभार मानावे लागतात. बाईला परक्या पुरुषांच्या हातांवर जावे लागते. आणि चौकशी होते ती सोबत्याकडे: ‘यांना कुठे उतरायचंय?’ ज्याला उतरायचे आहे तो समोरच बसलेला असतो. असा प्रवास एकदा केलेला माणूस दुसऱ्यांदा घरीच थांबतो, आणि मग आपण म्हणतो, असे प्रवासी येतातच कुठे?

जंजिऱ्याच्या दाराशी हलत्या शिडाच्या होडीतून दगडी पायरीवर पाऊल टाकावे लागते. किल्ला शत्रूला चढता येऊ नये म्हणून बांधला, हे मान्य. तिकीट काढून येणारा पाहुणा शत्रू नव्हे.

उतार बांधता येत नाही, असेही नाही. आगरदांडा-दिघी आणि वेशवी-बागमांडला इथल्या फेरीबोटींना पुढे खाली पडणारी लोखंडी फळी असते. भाऊचा धक्का ते मांडवा रो-रो सेवा मार्च २०२० मध्ये सुरू झाली, तिच्यातही गाडी सरळ आत जाते. मोटारीला पायरी चढता येत नाही, हे सर्वांना न सांगता कळले. चाकाची खुर्ची त्या उतारावरून जाते खरी, पण मोटारींच्या मागोमाग, त्यांच्या धुरात.

कायदाही ‘श्वास’सारखाच काठाशी येऊन थांबतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क अधिनियमात वाहतुकीच्या व्याख्येत जलवाहतूक आहे. पण कलम ४१ मध्ये सोयींसाठी नावे घेतली आहेत ती बसथांबे, रेल्वे स्थानके आणि विमानतळांची. धक्का त्या यादीत नाही. पुढे सर्व वाहनांचा उल्लेख येतो, तोही अटींसह: तांत्रिकदृष्ट्या शक्य असेल तर, परवडत असेल तर, रचनेत मोठा बदल करावा लागत नसेल तर. इतके ‘तर’ ओलांडून कोणती होडी किनाऱ्याला लागणार? दृष्टी नसलेले राजीव रतूडी २००५ साली, म्हणजे ‘श्वास’ प्रदर्शित झाल्याच्या पुढच्या वर्षी, सुगम्यतेसाठी सर्वोच्च न्यायालयात गेले. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी न्यायालयाने २०१७ च्या नियमांतला नियम १५(१) कायद्याशी विसंगत ठरवला, कारण कायदा ज्याला बंधन म्हणतो त्याला नियमाने नुसती शिफारस करून ठेवले होते. केंद्राला बंधनकारक नियमांसाठी तीन महिने दिले गेले.

त्या नियमांत धक्क्याचा विचार करायचा तर तो भरती-ओहोटीपासून करावा लागेल. तरंगता धक्का पाण्याबरोबर वरखाली होतो, त्यामुळे होडी आणि धक्का यांच्यातले अंतर फारसे बदलत नाही. मात्र तिथून जमिनीपर्यंतचा पूल पुरेसा लांब हवा. आखूड ठेवला तर ओहोटीला त्याचा जिना होतो. परशाला एवढ्यानेही भागणार नाही. त्याला कडेला पायाला जाणवणारी खडबडीत पट्टी हवी, आणि कोणता धक्का आला ते मोठ्याने सांगणारा आवाज.