निवडणूक प्रचारातील छायाचित्र आणि मुक्त छायापत्रकार : एक चिकित्सा

१८ ऑक्टोबर २०१९ रोजी सातारा येथील प्रचारसभेत शरद पवार यांनी भर पावसात भाषण केले. मतदान तीन दिवसांवर होते. रोहण्यासारख्या (जि. वर्धा) दूरच्या गावातील वाचकास ती सभा प्रतिमेतूनच दिसू शकत होती. या प्रतिमेच्या राजकीय परिणामाची चर्चा पुष्कळ झाली. ती टिपणाऱ्यांचा विचार मात्र क्वचितच झाला.

छायाचित्र ही निवड असते. क्षण, अंतर व चौकट छायाचित्रकार ठरवितो. चिंब भिजलेला वक्ता चौकटीत आला, की मुद्दे बाहेर राहतात. म्हणून ही निवड कोणासाठी झाली, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. मुक्त छायापत्रकार स्वतंत्रपणे काम करतो तेव्हा स्वामित्वहक्क त्याचा असतो. परंतु पक्षाने मोबदला देऊन छायाचित्रे काढविल्यास, स्वामित्वहक्क अधिनियम १९५७च्या कलम १७ नुसार, विरुद्ध करार नसल्यास, तो हक्क पक्षाकडे जातो. तरीही कलम ५७ अन्वये कर्ता म्हणून नावाचा अधिकार छायाचित्रकाराकडेच राहतो.

सारांश, नामोल्लेख हे केवळ सौजन्य नव्हे. नाव व मोबदल्याचा स्रोत कळल्याखेरीज वृत्तचित्र व प्रचारचित्र यांतील भेद वाचकास करता येणार नाही. प्रतिमेच्या समीक्षेचा आरंभ येथूनच व्हावयास हवा.