ध्वनिरचनेच्या संगणकभाषा आणि अध्याहाराचा प्रश्न

संगणकाकडून ध्वनी व संगीत निर्माण करून घेण्यासाठी गेल्या सहा-सात दशकांत ज्या आज्ञाभाषा रचल्या गेल्या, त्यांची चर्चा बहुधा अभियंत्यांच्या किंवा रचनाकारांच्या अंगाने होत आली आहे. कोणत्या भाषेत काम जलद होते, कोणती शिकावयास सोपी, कोणतीतून कोणते ध्वनी निघतात, हे त्या चर्चेचे प्रश्न. ते उपयुक्त आहेत यात शंका नाही. तथापि ज्यांस आपण 'भाषा' म्हणतो त्यांस भाषेचेच प्रश्न विचारून पाहिले, तर त्यांचे निराळे स्वरूप दृष्टीस पडते. प्रस्तुत लेखात तसा प्रयत्न केला आहे.

या परंपरेचा आरंभ निश्चित सांगता येतो. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत मॅक्स मॅथ्यूज यांनी १९५७ साली 'म्यूझिक १' ही आज्ञावली सिद्ध केली आणि न्यूमन गटमन यांची सुमारे १७ सेकंदांची रचना आयबीएम ७०४ या यंत्रावर वाजवून दाखविली. १९६० च्या 'म्यूझिक ३' मध्ये ध्वनिजनक घटकांची कल्पना आली: लहान लहान घटक एकमेकांस जोडून हवे ते वाद्य घडवावयाचे. १९६३ साली 'सायन्स' या नियतकालिकातील लेखात मॅथ्यूज यांनी संगणकाच्या ध्वनिनिर्मितीस तत्त्वतः मर्यादा नाही अशी भूमिका मांडली. ध्वनीचे रूपांतर अंकांच्या मालिकेत करता येते, आणि कोणतीही मालिका यंत्र लिहू शकते. म्हणून कोणताही ध्वनी शक्य आहे, असा हा युक्तिवाद होता. या अर्थाने तो बरोबरच आहे. परंतु 'काय शक्य आहे' एवढ्यावरून भाषेची परीक्षा होत नाही.

रोमन याकोब्सन यांनी १९५९ च्या आपल्या भाषांतरविषयक निबंधात एक महत्त्वाचा भेद केला आहे. भाषांमधील खरा फरक त्या काय सांगू शकतात यात नसून, त्यांस काय सांगावेच लागते यात असतो. 'मी आलो' किंवा 'मी आले' म्हटल्यावाचून मराठी भाषकाची सुटका नाही. इंग्रजी भाषकास आपले लिंग मुग्ध ठेवता येते. या भेदास आपल्या व्याकरणातील अध्याहाराची जोड दिली, म्हणजे दोन प्रश्न हाती येतात. अमुक संगणकभाषेत काय सांगावेच लागते? आणि जे सांगितले नाही, ते कोठून भरून येते?

मॅथ्यूज यांच्याच परंपरेत बॅरी व्हर्को यांनी १९८६ साली एमआयटी येथे 'सीसाउंड' ही भाषा रचली. तिच्या मूळ घडणीत लेखनाचे दोन भाग असतात: वाद्यवृंद आणि स्वरलेख. वाद्यवृंदात वाद्यांच्या व्याख्या, स्वरलेखात घटनांच्या ओळी. प्रत्येक घटनेच्या ओळीत वाद्याचा क्रमांक, आरंभाची वेळ आणि कालावधी ही तीन पदे ठरलेल्या क्रमाने यावयास हवीत. म्हणजे संगीत हे सुट्या, आरंभ आणि अंत असलेल्या घटनांचे बनलेले असते, हा सिद्धांत व्याकरणातच रुजला. या भाषेत मींड लिहिता येत नाही असे नव्हे. ती सहज लिहिता येते. पण तिचा आकार वाद्याच्या व्याख्येत लिहावा लागतो; स्वरलेख त्या वाद्यास फार तर चार-दोन संख्या पुरवितो. परिणाम असा की, ख्यालगायनात जी गोष्ट वाक्यरचनेची, ती येथे शब्दकोशात जाऊन बसते.

ध्वनिविज्ञानाच्या अभ्यासकास हा प्रसंग अपरिचित वाटू नये. भाषणाचा प्रवाह म्हणजे माळेत ओवलेले मणी, ही कल्पना एके काळी आपणही बाळगली होती. न्यूयॉर्क येथील हॅस्किन्स प्रयोगशाळेत देलात्र, लिबरमन आणि कूपर यांनी १९५५ मध्ये दाखविले की, व्यंजनाची ओळख पुष्कळदा लगतच्या स्वराकडे होणाऱ्या संक्रमणातच असते; संक्रमण कापून टाकले की 'शुद्ध' व्यंजन हाती येत नाही, ते नाहीसेच होते. रागातील स्वराची स्थिती याहून फारशी भिन्न नाही. दरबारी कानड्यातील आंदोलित कोमल गांधार हा स्थिर गांधारास लावलेला अलंकार नव्हे. ते आंदोलन काढून घेतले तर दरबारीचा गांधार उरत नाही.

अध्याहाराचा प्रश्न अधिक स्पष्ट होतो तो 'सुपरकोलायडर' या भाषेत. जेम्स मॅकार्टनी यांनी ती १९९६ मध्ये प्रसिद्ध केली आणि २००२ पासून ती सर्वांस मुक्त आहे. तिची अभिव्यक्तिशक्ती थोर आहे. रचनाकाराने सप्तकातील केवळ पायऱ्यांचे क्रमांक दिले, तरी ती मुकाट्याने वाजविते. कारण उरलेले सारे तिने गृहीत धरलेले असते. ते गृहीत म्हणजे पाश्चात्त्य मेजर स्वरसप्तक आणि सप्तकाचे बारा समान भाग. सप्तकाचे १२०० सेंट मानले, तर तंबोऱ्याच्या षड्जातून ऐकू येणारा गांधार, म्हणजे ५:४ या प्रमाणाचा, सुमारे ३८६ सेंटांवर येतो. समविभाजित गांधार ४०० वर. चौदा सेंटांचे हे अंतर सरावलेल्या कानास खटकते. भाषेत अन्य स्वरव्यवस्थाही दिलेल्या आहेत, पण त्या मागून घ्याव्या लागतात. व्याकरणाच्या परिभाषेत बोलावयाचे तर एक व्यवस्था अचिन्हित आहे, बाकीच्या चिन्हित.

येथे एक आक्षेप संभवतो. भातखंडे यांच्या स्वरलिपीतही मींड दाखविण्यास स्वरांवर एक कमानीची रेघच असते. मग संगणकभाषेसच दोष का द्यावा? आक्षेप विचारार्ह आहे. पण त्यातच भेदाचे मर्म आहे. कागदावरील स्वरलिपी ही जाणत्यास दिलेली आठवण असते. तिच्यातील उणे गुरुमुखाने शिकलेला वाचक भरून काढतो, आणि ते आपण भरीत आहोत हे त्यास ठाऊक असते. यंत्राजवळ तालीम नाही. तेथे उणे भरून निघते ते भाषाकर्त्याच्या गृहीतांनी, आणि तेही न सांगता.

यातून सुटण्याचा एक मार्ग 'बोल प्रोसेसर'च्या इतिहासात दिसतो. १९८० च्या दशकात जेम्स किपेन यांनी लखनौ घराण्याचे उस्ताद आफाक हुसेन खाँ यांच्याकडे तबल्याचा अभ्यास केला, आणि बर्नार्ड बेल यांच्या साहाय्याने कायद्याच्या विस्ताराचे नियम जननशील व्याकरणाच्या पद्धतीने मांडले. यंत्राने नव्या विस्तारांची रचना करावयाची, उस्तादांनी ते ग्राह्य की अग्राह्य हे सांगावयाचे, आणि त्यानुसार नियम सुधारावयाचे, अशी ती पद्धती होती. क्षेत्रभाषाविज्ञानात मूळ भाषकाच्या निर्णयास जे स्थान आहे, ते येथे वादकास मिळाले. अर्थात या यशास मर्यादा आहे. तबल्याचे बोल वादकांच्या परंपरेतच सुटे, उच्चारता येणारे आहेत. मींडेस तशी अक्षरे नाहीत.

बेल यांच्या चिन्हपद्धतीचा काही अंश पुढे अ‍ॅलेक्स मॅक्लीन यांच्या 'टायडल सायकल्स' या भाषेत उतरला. तिचे मूलमान सुटा ठोका नसून आवर्तन आहे. एकाच आवर्तनात तीन, चार वा पाच घटना बसवाव्या, तर त्या आपोआप समभागांनी बसतात. लयकारीच्या अभ्यासकास ही कल्पना जवळची वाटेल. परंतु आवर्तन म्हणजे ताल नव्हे. तालास विभाग असतात, टाळी आणि खाली असते. रूपकाची तर समच खालीवर येते. टायडलच्या आवर्तनास आरंभबिंदू आहे, सम नाही. 'चक्र' या एका शब्दावरून दोन्ही एकच मानणे म्हणजे समानार्थकाचा भास खरा धरणे होय.

या भाषा टाकाऊ आहेत, असा निष्कर्ष वरील विवेचनातून कोणी काढू नये. सर्व भाषा काही गृहीत धरतात. न धरतील तर बोलणेच अशक्य होईल. मुद्दा एवढाच की, आज आपल्याकडील विद्यार्थी रागसंगीताचे विश्लेषण व संग्रहण या साधनांनी करू लागले आहेत, आणि जे व्याकरणात अचिन्हित, ते संशोधनात 'प्रमाण' आणि उरलेले 'विचलन' ठरण्याचा धोका खरा आहे. म्हणून संगणकभाषा वापरून केलेल्या प्रत्येक प्रबंधात, त्या भाषेने काय अध्याहृत धरले होते, त्यातील काय बदलले आणि काय तसेच ठेवले, याचे निवेदन असावे. तसेच निष्पन्न झालेला ध्वनी त्या परंपरेतील जाणत्याच्या कानावर घालून, तो ग्राह्य ठरला की नाही, हेही नोंदवावे. एखाद्या बोलीचे वर्णन करताना एवढी शिस्त आपण पाळतोच. संगीताच्या बाबतीत ती सैल करण्याचे कारण दिसत नाही.