सेंद्रिय बाग जिंकली, असं पेपर खरंच म्हणतो का?

मागच्या लेखात मी म्हटलं होतं की सिनॉप्सिस लिहिण्याआधी आपल्या विषयातला एक गाजलेला पेपर तरी फोडून वाचा. आज मीच तो प्रयोग करून दाखवते. विषय आहे फळबागेचं व्यवस्थापन आणि मातीची गुणवत्ता.

या विषयात एक अभ्यास हमखास उद्धृत केला जातो. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात, याकिमा खोऱ्यात, जॉन रेगनोल्ड आणि सहकाऱ्यांनी 1994 पासून सफरचंदाच्या बागेत सेंद्रिय, रासायनिक आणि एकात्मिक या तीन पद्धतींची तुलना केली. 2001 मध्ये तो 'नेचर'मध्ये छापून आला. त्याच्या आदल्या वर्षी जेरी ग्लोव्हर, रेगनोल्ड आणि प्रेस्टन अँड्र्यूज यांनी त्याच बागेच्या मातीवर वेगळा, सविस्तर पेपर लिहिला. गंमत अशी की पहिला सगळे उद्धृत करतात आणि दुसरा फारसा कुणी उघडत नाही. मीही उघडला नव्हता.

आधी चांगलं काय ते बघू. जागा एक, जात एक (गोल्डन डिलिशियस), झाडांचं वय एक. प्रत्येक पद्धतीचे चार प्लॉट, म्हणजे एकूण बारा. याला रेप्लिकेशन म्हणतात, आणि फळबागेत ते करणं महागात पडतं. शिवाय त्यांनी नुसता सेंद्रिय कर्ब मोजून निकाल दिला नाही. माती पाणी आत घेते का, ते खेळवते आणि झाडाला पुरवते का, वरचा थर टिकून राहतो का, फळाची प्रत आणि उत्पादन यांना साथ देते का, अशा चार कामांवर मातीला 1 पैकी गुण दिले. माती काय 'आहे' यापेक्षा ती काय 'करते' हे विचारणं मला फार पटलं.

आता गुण बघा. एकात्मिक 0.92, सेंद्रिय 0.88, रासायनिक 0.78. म्हणजे मातीच्या गुणांत पहिला नंबर सेंद्रियचा नाहीच! 'नेचर'च्या पेपरमध्ये सेंद्रिय पद्धत पहिली आली ती पर्यावरण, नफा, ऊर्जा हे सगळं मिळून. मातीपुरतं बोलायचं तर तिथेही सेंद्रिय आणि एकात्मिक या दोन्ही पद्धती रासायनिकपेक्षा सरस आहेत, एवढंच म्हटलंय. त्यातही एकात्मिक आणि रासायनिक यांच्यातला फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकला. सेंद्रियच्या प्लॉटांमध्ये आपापसातच इतकी तफावत होती की तिचा फरक ठामपणे सांगता आला नाही. पण म्हणून 'फरक नाही' असंही लिहू नका हं. चारच प्लॉट असले की खरा फरकसुद्धा निसटू शकतो. 'सिद्ध झालं नाही' आणि 'नाही' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

माझा मुख्य आक्षेप पुढे आहे. गुण जास्त मिळालेल्या दोन्ही पद्धतींमध्ये कंपोस्ट होतं आणि सालींचं आच्छादनही होतं. रासायनिक प्लॉटमध्ये रासायनिक खतं आणि तणनाशक. मग माती सुधारली ती कंपोस्टमुळे की आच्छादनामुळे? या मांडणीतून ते वेगळं काढताच येत नाही. अख्ख्या पॅकेजची तुलना अख्ख्या पॅकेजशी झाली आहे. 'कुठलं पॅकेज बरं' याचं उत्तर ती देते, 'का बरं' याचं देत नाही. दुसरं म्हणजे, निर्देशांकात कुठल्या कामाला किती वजन द्यायचं हे संशोधक ठरवतो. वजन बदललं की क्रम बदलू शकतो. म्हणून निर्देशांक वाचताना आधी वजनांचा तक्ता बघा, मग निकाल.

हे सगळं मला नुसतं वाचून कळलं नाही. माझ्या पहिल्या सिनॉप्सिसमध्ये सांगोला भागातल्या डाळिंबाच्या दहा सेंद्रिय आणि दहा रासायनिक बागांमधून मातीचे नमुने घ्यायचं ठरलं होतं. एका बागेत गेले तर तिथले काका म्हणाले, "ताई, ते सेंद्रिय-बिंद्रिय ऱ्हाऊ द्या. माझा खर्च एकाच गोष्टीचा निघतोय. शेणखत वाढवू का तणनाशक बंद करू, तेवढं सांगा." माझ्याकडे उत्तर नव्हतं. माझ्या मांडणीतून ते तीन वर्षांनीही मिळालं नसतं. उलट माझी मांडणी याकिमापेक्षा कच्ची होती. कारण ज्यांच्या दावणीला जनावरं जास्त, तेच बहुधा सेंद्रियकडे वळलेले. कुणाची जमीन खोल, कुणाची मुरमाड. मी पद्धत मोजतेय असं समजून जमीनच मोजत बसले असते.

मग आराखडा बदलला. एकाच बागेत शेणखत घातलेलं आणि न घातलेलं, आणि त्या प्रत्येकात तणनाशक किंवा आच्छादन. झाले चार प्रकार. प्रत्येकाची चार रेप्लिकेशन, म्हणजे सोळा प्लॉट. आता दोन्ही गोष्टींचा परिणाम वेगवेगळा कळेल, आणि दोन्ही एकत्र आल्यावर काही वेगळं घडतं का तेही. नमुन्याची जागाही पक्की केली. ठिबकच्या ओलाव्याच्या कडेला क्षार साठतात, त्यामुळे एका प्लॉटमध्ये ड्रिपरखाली आणि दुसऱ्यात कडेला नमुना घेतला तर सगळी मेहनत वाया.

एक किंमत मोजावी लागली. वीस बागांऐवजी एकच बाग, म्हणजे निष्कर्ष सगळ्या तालुक्याला लावता येणार नाही. हे मी सिनॉप्सिसमध्ये स्वतःच लिहिलंय, समितीने विचारायच्या आधी.

तुम्हीही तुमच्या विषयातला गाजलेला पेपर घ्या आणि एवढंच विचारा: ही मांडणी नेमक्या कुठल्या प्रश्नाचं उत्तर देऊ शकते? मग आपला प्रश्न तोच आहे का ते बघा. माझा नव्हता. काकांचा तर नव्हताच.