मते न मागणारे चर्च

२०२३च्या निवडणुकीत मिझोरमची मतमोजणी ३ डिसेंबरला, म्हणजे रविवारी ठरली होती. तेथील पक्ष आणि चर्च यांनी एकमुखाने हरकत घेतली. निवडणूक आयोगाने मिझोरमपुरती मोजणी सोमवारवर नेली. उरलेल्या चार राज्यांची रविवारीच झाली.

धर्म आणि निवडणूक म्हटले की आपल्याला लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम १२३(३) आठवते. या कलमावरचे दोन गाजलेले खटले मुंबईचेच: १९८७ची विलेपार्ल्याची पोटनिवडणूक आणि १९९०ची सांताक्रूझची लढत. सांताक्रूझच्या खटल्यात २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या सातपैकी चार न्यायमूर्तींनी ठरवले, की धर्म उमेदवाराचा असो वा मतदाराचा, त्याच्या नावाने मत मागणे हा भ्रष्टाचारच. पण कायद्याची सारी नजर मागणाऱ्यावर आहे. मागणाराच नसेल तर?

मिझोरममध्ये नेमके तेच आहे. प्रेस्बिटेरियन सिनॉडच्या पुढाकाराने २००६ साली 'मिझोरम पीपल्स फोरम' उभा राहिला. तो कुणासाठीही मत मागत नाही; मत कसे मागावे, हे ठरवतो. पक्ष त्याच्याशी लेखी करार करतात. मेजवान्या नकोत, घरोघर फिरणे नको, झेंडे-फलक मोजके, सर्व उमेदवार एकाच व्यासपीठावर. (पाकिटांचे भाव तोंडपाठ असलेल्या आपल्या मतदाराला हेवाच वाटेल.)

या प्रयोगाचे बहुतेक लेखन कौतुकावर थांबते. मला ते अपुरे वाटते. १८९४ साली आलेल्या लोरेन आणि सॅव्हिज या मिशनऱ्यांनी मिझो भाषेला रोमन लिपी दिली. पुढे वेल्श मिशन आले आणि १९०६पासून पुनरुज्जीवनाच्या लाटांनी तेथील धर्माला इव्हँजेलिकल वळण दिले. २०११च्या जनगणनेत राज्यातले ८७ टक्के लोक ख्रिस्ती आहेत. अशा समाजात चर्चला दम भरावा लागत नाही. दैवी कोपाची भीती घालणे कलम १२३(२)ने गैर ठरवले आहे खरे. पण पुढच्या रविवारी त्याच बाकावर बसायचे आहे, ही जाणीव कुठल्या कलमात बसणार? कायद्याला धाक दिसतो, भीड दिसत नाही.

दारूबंदीचेच पाहा. १९९७पासूनची बंदी २०१५मध्ये चर्चचा विरोध असतानाही सैल झाली. २०१८मध्ये ती परत आणण्याचे वचन देणारा मिझो नॅशनल फ्रंट जिंकला आणि २०१९मध्ये ती आली. काँग्रेसच्या पराभवाला दहा वर्षांच्या सत्तेचा कंटाळाही कारण होता, हे मान्य. शिवाय नागरिकांनी नैतिक मत मांडणे हा काही गुन्हा नव्हे.

एक शंका होती, की घरोघर फिरण्याला मनाई म्हणजे नवख्या पक्षाचे मरण. ती २०२३ने खोटी पाडली: २०१९मध्ये नोंदणी झालेल्या झोरम पीपल्स मूव्हमेंटने ४०पैकी २७ जागा घेतल्या. दुसरी शंका मात्र उरतेच. आयोगाचा आदेश पटला नाही तर न्यायालय आहे. फोरमची नाराजी पटली नाही, तर पक्षाच्या तिकिटावर उभ्या राहिलेल्या चकमा बौद्धाने, ज्याला सिनॉडमध्ये जागाच नाही, दाद कुठे मागायची?